बकोर पटेल आणि रेडकरमामा

वाचकहो, आमच्या धर्मग्रामातली काही कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस जाऊन राहिली आहेत. गेल्या वर्षी नाताळ आटोपल्यावर त्यांच्यापैकी एका घरी नव्या खोलीस आशीर्वाद देण्याकरिता आम्ही गेलो होतो. उधना भागातली ती वस्ती. एका बाजूस यंत्रमागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूस लोकांची वर्दळ. घरचा मुलगा आठ वर्षांचा. तो घरी मराठी बोलतो, गल्लीत गुजराती बोलतो आणि शाळेत इंग्रजी शिकतो. जेवणे झाल्यावर त्याची आई आम्हांस म्हणाली, "फादर, ह्याला मराठी बोलता येते, पण वाचायला नको म्हणतो. तुम्हीच सांगा, कोणते पुस्तक हातात देऊ?"

आम्ही चांगल्या चांगल्या पुस्तकांची नावे सांगू लागलो. मुलगा निमूटपणे ऐकत होता. शेजारचे एक वृद्ध गुजराती गृहस्थ आम्हांस भेटावयास आले होते. त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत आणि सारी चाळ त्यांना दादा म्हणते. आमचे बोलणे ऐकून ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि कडा झिजलेले, दोऱ्याने शिवलेले एक जुने पुस्तक घेऊन आले. त्यांनी ते मुलाच्या मांडीवर ठेवले. अक्षरे गुजराती असल्यामुळे मुलास ती सगळी लागली नाहीत, परंतु चित्र पाहताच तो हसला. चित्रात बोकडाचे डोके असलेला, माणसासारखा उभा राहिलेला एक भारदस्त गृहस्थ होता. तोच बकोर पटेल.

ह्या गृहस्थाची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सुरतेहून 'गांडीव' नावाचे मुलांचे एक गुजराती पाक्षिक निघत असे. हरिप्रसाद व्यास ह्या लेखकांनी १९३६ साली त्यात बकोर पटेलाच्या गोष्टी लिहावयास आरंभ केला आणि १९५५ सालापर्यंत त्या चालू राहिल्या. पुढे त्यांची पुस्तके झाली. जवळजवळ वीस वर्षे एकच बोकड दर पंधरवड्यास मुलांच्या भेटीस येत राहिला आणि मुले त्याची वाट पाहत राहिली. दादा स्वतः त्या मुलांपैकीच एक.

असे काय होते त्या बोकडात? त्या रात्री दादांनी एकेक पान उलगडून दाखविले आणि आम्ही बराच वेळ पाहत बसलो. पहिली गोष्ट आमच्या दृष्टीस पडली ती अशी की, ही सारी मंडळी डोक्याने प्राणी आणि देहाने माणसे आहेत. बकोर पटेलास शकरी पटलाणी नावाची पत्नी आहे. वाघजीभाई वकील आहेत, हाथीशंकर धमधमिया आहेत, डॉक्टर ऊंटडिया आहेत. ह्यांना घरदार आहे, कामधंदा आहे, शेजार आहे.

दुसरी गोष्ट नावांची. वाघजी हे गुजरातेत माणसाचे खरेखुरे नाव आहे आणि त्याच्या पोटात वाघ बसला आहे. शंकर हे ब्राह्मणी नावांच्या शेवटी येणारे पद, त्याच्या पुढे हत्ती येऊन उभा राहिला. उंटाला आडनावाची शेपटी लावली, तो डॉक्टर झाला. गुजरातीत 'शोरबकोर' म्हणजे गलबला, आणि 'बकोर' ह्या शब्दात बकराही ऐकू येतो. नाव उच्चारताक्षणी मुलास प्राणीही दिसतो आणि शेजारचा माणूसही दिसतो.

तिसरी गोष्ट आम्हांस फार उशिरा उमगली. ती पुढे ओघाने येईल.

निघताना आम्ही त्या माउलीस सहज बोलून गेलो, "मुलासाठी आपल्या मराठीतच असे एक पुस्तक करून पाठवू." धर्मगुरूने दिलेला शब्द लोक विसरत नाहीत. गाडी वापी ओलांडीत होती तेव्हाच आपण काय बोलून बसलो ह्याची आम्हांस जाणीव झाली.

गावी आल्यावर आम्ही दोघांस बोलावले. एक निवृत्त मास्तर, ज्यांचे मराठी शुद्ध आहे, आणि दुसऱ्या शाळेतल्या एक तरुण बाई, ज्यांचा चित्रकलेत हात चांगला आहे. सोळा पानांची लहान लहान पुस्तके करावयाची, प्रत्येक पुस्तकात एक गोष्ट आणि सर्वांत एकच प्राणी, असे ठरले. प्राणी कोणता? ते आम्हीच ठरविले. कोकरू. पांढरेशुभ्र, आज्ञाधारक, पहाटे उठणारे, आईचे ऐकणारे. बाईंनी ते सुरेख काढले, मास्तरांनी गोष्ट लिहिली आणि आम्ही ती सुरतेस पाठविली.

आठ दिवसांनी त्या मुलाशी फोनवर बोलणे झाले. "कसे वाटले, बाळ?" आम्ही विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "फादर, चित्रे छान आहेत. पण तो कधी चुकतच नाही. मग पुढच्या पुस्तकात काय होणार?"

वाचकहो, ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही मुलासाठी सोबती घडवावयास निघालो होतो आणि घडविले होते एक प्रवचन, ज्याला चार पाय आणि लोकर होती.

मग आम्ही जरा विचार केला. प्राण्यांच्या मुखी बोध घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पंचतंत्र तर आपलेच. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनी १८२८ साली इसापनीती आणली. परंतु त्या कथांतला कोल्हा एका गोष्टीपुरता येतो, लबाडी करतो, तात्पर्य सांगितले जाते आणि तो निघून जातो. उद्या तो भेटावा असे कोणास वाटत नाही. मालिकेतल्या प्राण्याचे तसे नव्हे. त्याला पुन्हा पुन्हा यावयाचे असते. म्हणून त्याच्या ठायी मुलास ओळखीचा वाटेल असा एक गुण हवा आणि पुन्हा पुन्हा अडचणीत टाकील असा एक दोषही हवा. तो दोष त्या प्राण्याच्या जातीतूनच आलेला असला, तर तो मुलास लगेच पटतो.

विलायतेत बिआट्रिक्स पॉटर नावाच्या बाईंनी १८९३ सालच्या सप्टेंबर महिन्यात एका आजारी लहान मुलास पत्र लिहिले. काय लिहावे हे सुचेना, म्हणून त्यांनी पत्रात सशांची एक सचित्र गोष्ट सांगितली. तिचे पुस्तक करावयास प्रकाशक तयार होईनात, तेव्हा १९०१ साली त्यांनी पदरच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाने ते पुस्तक काढले आणि तो पीटर ससा जगभर गेला. त्याच्या अंगात निळा कोट आहे. आईने नको म्हटलेल्या बागेत तो शिरतो, पळताना कोट जाळ्यात अडकतो, आणि कोट गेला की तो पुन्हा साधा, भ्यालेला ससा होतो. म्हणजे कपडा हा चित्रातला नुसता दागिना नाही, गोष्टीचे अर्धे काम तो करतो. हॉलंडात डिक ब्रुना ह्या चित्रकाराने १९५५ साली एक छोटा ससा काढला. त्याचे डोळे म्हणजे दोन ठिपके आणि तोंड म्हणजे एक फुली. तो नेहमी वाचणाऱ्या मुलाकडेच तोंड करून असतो. इतक्या थोड्या रेषांत मूल त्यास ओळखते आणि स्वतः पाटीवर काढूही शकते.

हे सारे मनात घोळवून आम्ही दुसरा प्राणी निवडला. रेडकू. आमच्या भागात म्हशी घरोघर आहेत. रेडकू सावकाश चालते, हट्टी असते आणि पाणी दिसले की सारे विसरते. ह्यास कारणही आहे. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी फार थोड्या असतात आणि रंग काळा असल्यामुळे ऊन अधिक लागते, म्हणून ती डुंबून अंग थंड ठेवते. हा झाला दोष, आणि त्यास आळस म्हणता येत नाही. मास्तरांनी त्यास मोठे करून पोस्टमनची नोकरी दिली. पोस्टमनला वेळेवर पोचावयाचे असते आणि वाटेत तळे असते. सोळा पाने भरावयास एवढे पुरेसे होते.

बाईंनी एका मोठ्या कागदावर तो पुढून, बाजूने आणि पाठमोरा असा काढला. पुढच्या कोणत्याही पुस्तकात शिंगे लांब अथवा पोट लहान होऊ नये म्हणून त्या कागदावरून मापे घ्यावयाची. म्हशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात, ते त्यांनी थोडे पुढे आणले, नाही तर राग आणि आनंद दाखविता येत नाही. कान मात्र म्हशीचेच ठेवले. मन खट्टू झाले की कान खाली पडतात. हात माणसाचे, कारण खुरांनी पत्रे वाटता येत नाहीत. मग त्यांनी तेच चित्र शाईने पुरते काळे करून मंडपाच्या एका टोकास धरले आणि दुसऱ्या टोकाच्या मुलांस विचारले, "कोण आहे?" मुले एकदम ओरडली, "म्हैस!" एवढ्यावरून आकार साधला असे आम्ही समजलो.

नाव तेवढे राहिले होते. ते आम्ही दिले. काळू.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात ती गोष्ट वाचून दाखविली. मुले खदखदून हसली आणि आम्ही प्रसन्न झालो. त्या वर्गात नऊ वर्षांचा एक सावळा मुलगा आहे, पोहण्यात पटाईत. तोही हसत होता की नाही ते आम्ही पाहिले नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही. तेव्हा बाईंनी आम्हांस सांगितले की, मैदानावर मुले त्यास "ए काळू रेड्या, पाण्यात जा" असे म्हणून चिडवितात.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलीत बसली होती. तिने पाट दिला, पाणी दिले, आणि रागाचा एकही शब्द न उच्चारता म्हणाली, "फादर, घरात आम्ही त्याला कधी त्या नावाने हाक मारली नाही."

ते वाक्य आम्हांस अजून ऐकू येते.

आपल्या भाषेत प्राण्यांची नावे किती सहज शिव्या होतात, हे आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. गाढव, माकड, रेडा, डुक्कर, बोकड. लहान मूल अक्षरे शिकण्याच्या आधी हे शब्द शिकते आणि बहुधा ते त्याच्याच वाट्यास येतात. प्राण्याचे पात्र करू पाहणाऱ्या माणसाच्या हातात म्हणूनच एक धारदार वस्तू असते. ती शिवी पक्की करावयाची की धुऊन काढावयाची, हे त्याच्या हाती असते. आम्ही प्राण्याच्या रंगावरून त्याचे नाव ठेवले आणि एका मुलाच्या पाठीवर ते चिकटविले.

आणि तेव्हा बकोर पटेलातली ती तिसरी गोष्ट आम्हांस दिसली. आपल्याकडे बोकड म्हणजे बळी द्यावयाचा प्राणी. कोणीही कान धरून न्यावा असा. हरिप्रसाद व्यासांनी त्याच बोकडास घर दिले, पत्नी दिली, पटेल ही पदवी दिली. तो फजीत होतो आणि मुले हसतात, परंतु त्यास सारे 'पटेल' म्हणूनच हाक मारतात. त्याच्या फजितीस हसावे, त्याच्या बोकड असण्यास हसू नये, असा तो चोख व्यवहार आहे. गव्हाणीच्या देखाव्यात आम्ही दर वर्षी गाढवास मानाने उभे करतो, आणि तरीही हे आम्हांस एका सुरती बोकडाकडून शिकावे लागले.

मुलगा मागच्या दारी होता. आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाळ, ते नाव आम्ही ठेवले. चुकले आमचे." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "फादर, तुमचे चित्रही चुकले आहे. आमच्या म्हशीला गळ्यापाशी दोन पांढरे पट्टे आहेत. तुमच्या पोस्टमनला एकही नाही."

आम्ही उठून पाहिले. खरेच, एक पट्टा जबड्याखाली आणि दुसरा छातीवर. शिंगे चपटी, विळ्यासारखी वळलेली. ती सुरती जातीची म्हैस होती. ह्या जातीचे नाव सुरतेवरून पडले असले तरी तिचे मूळ ठिकाण खेडा आणि बडोदे ह्या बाजूस आहे, आणि हे दोन पांढरे पट्टे हीच तिची ओळख. बाई आठ दिवस विचार करीत होत्या की, काळ्या अंगावर मुलास लांबून ओळखू येईल अशी खूण कोणती द्यावी. कोणी टोपी सुचविली होती, कोणी उपरणे. ती खूण देवाने म्हशीच्या गळ्यात आधीच घालून ठेवली होती आणि ती पाहणारा मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसत होता.

"मग ह्याचे नाव काय ठेवावे?" आम्ही विचारले. त्याने विचार केला. "आपल्या पोस्टमनला सगळे मामा म्हणतात," तो म्हणाला, "ह्यालाही मामा म्हणा."

मामा म्हटल्यावर बाकीचे सोपे झाले. गुजरातीत वाघजी आहेत, तर मराठीत आडनावांचा काय तोटा? वाघ, कोल्हे, लांडगे, मोरे, घोडके, कावळे, ससाणे, मांजरेकर अशी केवढी तरी मंडळी आपल्यात आहेत. बाई म्हणाल्या, "रेडकर." 'कर' लावलेली आडनावे बहुधा गावांच्या नावांवरून आली, त्यांचा प्राण्यांशी संबंध नाही, परंतु मुलाच्या कानास त्यात रेडकू ऐकू येते आणि मोठ्यांच्या कानास एक भला माणूस. आमच्या गावात त्या आडनावाचे कोणी नाही, ह्याची मास्तरांनी आधी खात्री करून घेतली. एकदा पोळल्यावर एवढी सावधगिरी हवीच.

असे रेडकरमामा जन्मास आले. अंगात खाकी सदरा, खांद्यावर पिशवी, गळ्यापाशी दोन पांढरे पट्टे. तळ्यात उतरण्यापूर्वी ते सदरा आणि पिशवी बाभळीस टांगतात, आणि पट्टे मात्र अंगावरच राहतात, म्हणून पाण्यातही मुलास ते ओळखू येतात. पहिल्या गोष्टीत बाभळीची फांदी मोडते आणि सारी टपाले भिजतात. मामा ती दोरीवर वाळत घालतात, घरोघर जाऊन आपली चूक सांगतात आणि पुसट झालेली पत्रे वाचावयास सारा गाव त्यांच्या ओटीवर जमतो. शेवटी कोणीही त्यांना उपदेश करीत नाही. करू नये, असे आम्हीच मास्तरांस सांगितले, आणि हे सांगताना आमच्या मनास थोडे जड गेले हे कबूल केले पाहिजे.

त्या रविवारी गोष्ट पुन्हा वाचली. आरंभी आम्ही वर्गास सांगितले की, पहिले नाव आमचे होते आणि ते चुकीचे होते. पट्टे कोणी शोधले तेही सांगितले. मुलगा आला होता. वर्ग सुटल्यावर दोघे-तिघे त्याच्यासोबत म्हैस पाहावयास गेले, एवढेच आम्ही पाहिले.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी लहान मुले आहेत, आणि पुस्तकांची दुकाने दूर आहेत. त्यांस आमची विनंती आहे की, चार कागद दुमडून मध्ये दोरा घालावा आणि मुलासोबत एक प्राणी घडवावा. आपल्या गोठ्यातला, परसातला, रोज दिसणारा घ्यावा. आधी तो मुलाकडून नीट पाहून घ्यावा, कारण मुले आपल्याहून बारीक पाहतात. त्यास एक काम द्यावे आणि त्या कामाच्या आड येणारी एक खोड द्यावी. एक खूण द्यावी, ती कधी बदलू नये. नाव ठेवताना ते नाव घेऊन घरातल्या, शेजारच्या कोणत्या मुलास हाक मारली जाईल, हे आधी मनाशी म्हणून पाहावे. आणि बोकड असो, गाढव असो, त्यास मामा, काका, आत्या, पाटील, मास्तर असे काहीतरी माणसाचे नाते जोडून द्यावे.

पहिले पुस्तक आम्ही सुरतेस पाठविले. पंधरा दिवस काही कळले नाही. मग त्या आईचा फोन आला की, मुलाने ते दादांस मोठ्याने वाचून दाखविले, मराठीतले जेथे दादांस लागले नाही तेथे गुजरातीत सांगितले, आणि दादांनी आपले जुने पुस्तक काढून बकोर पटेलास व रेडकरमामांस शेजारी शेजारी ठेवले.

गेल्या आठवड्यात धर्मग्रामाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आले. वर नाव होते, 'श्री. रेडकरमामा, पोस्टमन'. आत पाच ओळी. ऱ्हस्वदीर्घाच्या पुष्कळ चुका, एक गुजराती अक्षर मध्येच शिरलेले, परंतु सारे मराठीत. त्यात विचारले आहे की, ओली पत्रे सगळी वाळली का, आणि सुरतेस तापी नदी फार मोठी आहे, तिकडे मामा कधी येणार?

कार्ड आम्ही बाईंच्या स्वाधीन केले आहे. त्याचे उत्तर मामांनीच द्यावयाचे आहे, आणि दुसऱ्या पुस्तकात त्यांना सुरतेची गाडी पकडावयाची आहे.